पुनर्बांधणी केलेल्या जबड्यात इम्प्लांट: संगणकावर आराखडा कसा करावा

गाठ काढताना, अपघातात किंवा जुन्या जंतुसंसर्गामुळे जबड्याचा तुकडा जातो आणि त्या जागी पायातले फिब्युलाचे किंवा कमरेचे हाड बसवले जाते. पुढे त्याच हाडात इम्प्लांट (दाताच्या मुळाच्या जागी बसणारा स्क्रू) बसवून दात द्यायचे असतात. नेहमीच्या इम्प्लांटचे डिजिटल नियोजन ज्यांच्या हातात बसले आहे त्यांनाही इथे अडखळायला होते. ज्या खुणांवर आपण एरवी विसंबतो त्या इथे उरलेल्या नसतात. घट्ट हिरडी नाही, शेजारचे दात नाहीत, नसेचा कालवा बहुधा काढलेल्या हाडाबरोबर गेलेला, आणि नवे हाड जबड्याच्या आकाराचे नाही.

म्हणून क्रम बदलू नका. आधी दात कुठे हवेत ते ठरवा, मग गाइड (ड्रिलला दिशा देणारा छापलेला साचा) कशावर टेकणार ते ठरवा आणि इम्प्लांट सर्वांत शेवटी ठेवा. पडद्यावर इम्प्लांट ठेवणे हा या कामातला सोपा भाग आहे. चुका होतात त्या स्कॅनमध्ये, दोन स्कॅन एकमेकांवर बसवताना आणि गाइडच्या बैठकीत.

संगणक उघडण्याआधी

कर्करोगाचा रुग्ण असेल तर कर्करोगतज्ज्ञांची संमती आणि किरणोपचाराचा नकाशा मागवा. एकूण मात्रा किती दिली एवढे कळून भागत नाही. इम्प्लांटच्या नेमक्या जागी किती पोहोचली ते हवे. त्या जागी ५० ग्रेपेक्षा (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) जास्त मात्रा गेली असेल तर हाड कुजण्याचा धोका ठळकपणे वाढतो, आणि इम्प्लांट करायचे की नाही इथपासून विचार करावा लागतो. किरणोपचार संपल्यावर बहुतेक ठिकाणी ६ ते १२ महिने थांबतात. रुग्णाला बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब (हाडाची झीज रोखणारी औषधे) कधी दिले होते का, हे स्वतंत्रपणे विचारा. फाइलमध्ये ते नेहमी सापडतेच असे नाही.

रक्तवाहिन्यांसह बसवलेल्या फिब्युलात साधारण ६ महिन्यांनी काम करता येते. रक्तवाहिन्यांशिवाय बसवलेल्या कमरेच्या हाडाचे गणित वेगळे आहे. त्यावर ताण आला नाही तर ते झिजत जाते, म्हणून ४ ते ६ महिन्यांत नवा स्कॅन करून निर्णय घ्यावा. वर्षभर वाट पाहिली तर उंची हातची जाते.

आता तोंड किती उघडते ते मोजा. पुढच्या दातांच्या कडांमध्ये ३५ मिमीपेक्षा कमी अंतर असेल तर तोंड आखडलेले समजावे. गाइडेड ड्रिल नेहमीच्या ड्रिलपेक्षा साधारण १० मिमी लांब असते, त्यावर हँडपीसचे डोके येते. पण केवळ पुढच्या दातांतले अंतर मोजून थांबू नका. जिथे इम्प्लांट हवा तिथल्या हाडाच्या माथ्यापासून समोरच्या दातापर्यंत मोजा. फिब्युला खाली बसवलेले असेल तर तिथे अपेक्षेपेक्षा जास्त जागा मिळते. दाढांच्या मागे ती झपाट्याने कमी होते. जागा पुरत नसेल तर आधी तोंड उघडण्याचे व्यायाम, नाहीतर बाजूने उघडी असलेली स्लीव्ह (गाइडमधली ड्रिल जाण्याची नळी), किंवा गाइडमधून फक्त पहिले ड्रिल आणि उरलेले मोकळ्या हाताने, असे मार्ग आहेत. डायनॅमिक नॅव्हिगेशनमध्ये (कॅमेऱ्याने ड्रिलचा माग काढून त्याची जागा पडद्यावर दाखवणारी पद्धत) स्लीव्ह नसते, त्यामुळे आखडलेल्या तोंडात त्याचा खरा फायदा होतो. हे सगळे आराखड्याआधी ठरले पाहिजे. ऑपरेशनच्या टेबलावर ड्रिल स्लीव्हमध्ये शिरत नाही असे लक्षात आले, की चांगला आराखडाही वाया जातो.

स्कॅन कसा मागवावा

पुनर्बांधणीच्या आधीचा किंवा लगेच नंतरचा सीटी या कामाला चालत नाही. हाडाचे तुकडे जुळताना थोडे सरकतात, उरलेला जबडा एका बाजूला ओढला जातो, सांध्यांत नवे हाड भरते. हाड भरून आल्यानंतरचा, नियोजनाच्या वेळचाच स्कॅन घ्या.

रेडिओलॉजी विभागाला चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्या: स्लाइस १ मिमी किंवा कमी, जमल्यास ०.६ मिमीच्या आसपास. गँट्री (स्कॅनरची गोल चौकट) सरळ, कल शून्य. हाडासाठीची आणि मऊ ऊतींसाठीची अशा दोन्ही मालिका. मूळ अॅक्सियल (आडव्या छेदांच्या) डायकॉम फायली, नंतर तयार केलेल्या प्रतिमा नव्हेत. सीबीसीटी (शंकूच्या आकाराच्या किरणांचा, दातांसाठी वापरला जाणारा सीटी) करायचा तर संपूर्ण जबडा चौकटीत मावतो का ते आधी पाहा आणि व्हॉक्सेल (थ्री-डी प्रतिमेतला सर्वांत लहान घन) ०.२ ते ०.३ मिमी ठेवा. सीबीसीटीतली करड्या रंगाची पातळी म्हणजे हाउन्सफील्ड मूल्य (सीटीतले घनतेचे माप) नव्हे, त्यावरून हाडाची घनता ठरवू नका.

स्कॅनच्या वेळी वरचे आणि खालचे दात एकमेकांना लागलेले नकोत. मध्ये कापसाचे रोल किंवा प्लास्टिकचा ठोकळा ठेवा, गाल आणि ओठही कापसाने दूर करा. दात अलग राहिले की वरच्या कॅपची धातूची चमक खालच्या दातांवर पसरत नाही. गालापासून सुटलेली त्वचेची झडप (हाडाबरोबर आणून तोंडात लावलेली त्वचा) हवेच्या पार्श्वभूमीवर स्वच्छ दिसते आणि तिची जाडी मोजता येते.

टायटॅनियमच्या प्लेटांमुळे येणारी चमक धातूच्या कॅप आणि चांदी भरलेल्या दातांपेक्षा कमी असते, पण प्लेट आणि स्क्रू प्रत्यक्षापेक्षा जाड दिसतात. त्यांची खरी मापे शस्त्रक्रियेच्या नोंदीतून घ्या. धातूची चमक कमी करणारी प्रक्रिया वापरली असेल तर ती न वापरलेली मालिकाही मागून घ्या. ही प्रक्रिया काही वेळा पातळ हाडाची कडा पुसट करते आणि तिथे हाडच नाही असा समज होतो.

दातांचा स्कॅन

तोंडातला स्कॅन दोन्ही जबड्यांचा आणि चाव्याचा घ्या. सुरुवात नेहमी नैसर्गिक दातांपासून करा. त्वचेच्या झडपेचा पृष्ठभाग ओला, गुळगुळीत आणि एकसारखा असतो. त्यावर स्कॅनर वाट चुकतो. झडप हलते, म्हणून ती ताणून स्कॅन करू नका. आरशाने ओढलेली झडप आणि विश्रांतीतली झडप यांत काही मिलिमीटरचा फरक पडतो. कमान पूर्ण पार करताना चूक साचत जाते. शंका असेल तर ठसा घेऊन मॉडेल स्कॅन करणे जास्त भरवशाचे.

चाव्याकडे विशेष लक्ष द्या. जबड्याचा भाग काढल्यावर उरलेला भाग आत आणि बाजूला वळतो. रुग्णाला जिथे सवयीने दात मिटतात ती जागा योग्य असेलच असे नाही. पुन्हा पुन्हा तीच स्थिती येते का ते तपासा, आणि शस्त्रक्रियेआधीची मॉडेल किंवा फोटो मिळाले तर त्यांच्याशी ताडून पाहा.

ज्यांना दातच नाहीत किंवा एकाच कोपऱ्यात दोन-तीन उरले आहेत त्यांच्यासाठी एरवी दुहेरी स्कॅन करतात: कवळीत ६ ते ८ ठिकाणी गटापर्चाच्या (स्कॅनमध्ये उठून दिसणारा रबरासारखा पदार्थ) खुणा भरायच्या, एक स्कॅन कवळी तोंडात घालून आणि दुसरा नुसत्या कवळीचा. पुनर्बांधणी केलेल्या जबड्यात ही पद्धत जपून वापरा. जाड, हलत्या झडपेवर कवळी प्रत्येक वेळी वेगळी बसते. त्यापेक्षा हाडात १.५ मिमीचे छोटे तात्पुरते स्क्रू, निदान ४, एका रेषेत येणार नाहीत असे बसवावेत किंवा आधीच असलेले प्लेटचे स्क्रू खुणा म्हणून घ्यावेत.

हाड वेगळे काढणे आणि स्कॅन जुळवणे

थ्री-डी स्लायसरसारखे मुक्त सॉफ्टवेअर असो की विकतचे, हाडाचा उंबरठा (ज्याच्या वरची घनता हाड म्हणून धरायची ती मर्यादा) २२६ हाउन्सफील्डच्या आसपास ठेवून सुरुवात करतात. फिब्युलाची कठीण साल त्यात सहज येते. दोन तुकड्यांमधला नवा जोड मात्र कमी घनतेचा असतो आणि गळून पडतो, म्हणजे पडद्यावर तिथे फट दिसते. अशा जागी उंबरठा खाली आणून तो भाग हाताने जोडा, पण प्रत्येक स्लाइसवर बाह्यरेषा मूळ प्रतिमेशी जुळते का ते पाहत जोडा. उंबरठा सगळीकडे खाली आणला तर हाड फुगते, आणि हाडावर टेकणारे गाइड मग सैल बसते.

उरलेला जबडा, नव्या हाडाचा प्रत्येक तुकडा, प्लेट, प्रत्येक स्क्रू आणि उरलेल्या भागातली नस हे सगळे वेगवेगळे भाग म्हणून ठेवा. फिब्युलाच्या रक्तवाहिन्यांच्या देठावर कधीकधी हाड धरते. सीटीत ते जबड्याच्या आतल्या बाजूला पातळ पट्टीसारखे दिसते. ते इम्प्लांट धरण्याजोगे हाड नाही; त्याला रुंदीत मोजू नका.

एसटीएल फायलीत (थ्री-डी आकार साठवणारी फाइल) माप कुठल्या एककात आहे याची नोंद नसते. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर एक ओळखीचे अंतर मोजून पाहा. उजवे-डावे उलटे झाले नाही ना हेही तपासा. जिथे दात उरलेले नाहीत तिथे ही चूक नजरेला येत नाही.

आता दातांचा स्कॅन सीटीवर बसवायचा. निदान तीन बिंदू, कमानीवर जितके दूर दूर मिळतील तितके घ्या. नंतरची बारीक जुळणी फक्त चमक नसलेल्या नैसर्गिक दातांच्या पृष्ठभागावर करा. हिरडी आणि झडप त्यातून वगळा. जुळणीतला फरक दाखवणारा रंगीत नकाशा हिरवा दिसला म्हणून समाधान मानू नका. उरलेले सगळे दात उजवीकडे आणि इम्प्लांट डावीकडे हवे असतील तर दातांवरची जुळणी उत्तम दिसूनही डावीकडे चूक होते. हिशेब सोपा आहे: १ अंशाचा फिरकीचा फरक ६० मिमी अंतरावर १ मिमीपेक्षा थोडा जास्त होतो. म्हणून तिन्ही दिशांच्या छेदांत बाह्यरेषा पाहा आणि दूरच्या टोकाला प्लेटचा स्क्रू किंवा तात्पुरता स्क्रू यासारखी एक स्वतंत्र खूण जुळते का ते बघा. या टप्प्यावर घालवलेला अर्धा तास पुढे कधीही वाया जात नाही.

आधी दात, मग हाड

समोरच्या कमानीवरून, ओठाच्या आधारावरून आणि चेहऱ्याच्या मध्यरेषेवरून दातांची मांडणी करा. एक बाजू शाबूत असेल तर तिचे आरशातले प्रतिबिंब चांगली सुरुवात देते. मग त्या दातांखाली हाड कुठे आहे ते पाहा. इथे बहुतेक वेळा दोन अडचणी दिसतात.

पहिली अडचण उंचीची. फिब्युलाची उंची साधारण १२ ते १५ मिमी असते, दात असलेल्या खालच्या जबड्याची त्याच्या दुपटीच्या आसपास. चेहऱ्याचा आकार राखण्यासाठी फिब्युला खालच्या कडेला बसवले असेल तर हाडाच्या माथ्यापासून चाव्याच्या पातळीपर्यंत मोठी पोकळी राहते. ही उंची १५ मिमीपेक्षा जास्त असेल तर प्रत्येक दातावरचा ताण लांब तरफेने इम्प्लांटवर येतो. अशा वेळी एकेक सुट्टा दात नको. इम्प्लांट एकमेकांना जोडणारी चौकट आणि गुलाबी हिरडीसह दात द्या आणि मागे लोंबणारा भाग शक्यतो टाळा.

दुसरी अडचण आडव्या अंतराची. दाढा गालाच्या बाजूला हव्यात आणि हाड जिभेच्या बाजूला, किंवा उलट. १७ आणि ३० अंशांचे मल्टी-युनिट अबटमेंट (इम्प्लांट आणि दात यांच्यामधला जोडभाग) कल सुधारतात, जागा सुधारत नाहीत. इम्प्लांटचा अक्ष दाताच्या चावणाऱ्या पृष्ठभागाच्या बाहेर पडत असेल तर पक्क्या दातांचा हट्ट सोडून बारवर (इम्प्लांटना जोडणारी दांडी) बसणारी, काढता येणारी कवळी द्यावी. ती साफ करायलाही सोपी असते आणि कर्करोगतज्ज्ञाला खालची जागा तपासता येते.

इम्प्लांटची मांडणी

फिब्युलात साधारण ३.५ ते ४.३ मिमी व्यासाचे आणि १० ते १२ मिमी लांबीचे इम्प्लांट बसतात. वरची आणि खालची अशी दोन्ही कठीण साल पकडली तर सुरुवातीची पकड उत्तम मिळते. पण टोक खालून बाहेर डोकावता कामा नये. खालच्या कमानीत सगळे दात द्यायचे असतील तर ४ ते ६, छोट्या भागासाठी २ ते ३.

अंतरे अशी धरा: दोन इम्प्लांटमध्ये ३ मिमी, नैसर्गिक दातापासून १.५ मिमी, गालाकडच्या बाजूला १.५ मिमी हाड, उरलेल्या जबड्यातल्या नसेपासून २ मिमी. हाडाच्या दोन तुकड्यांच्या जोडरेषेवर इम्प्लांट ठेवू नका. आम्ही निदान ३ मिमी दूर राहतो. गाइडने केलेल्या कामातही प्रवेशाच्या जागी सरासरी १.२ मिमी, टोकाला १.४ मिमी आणि कलात ३.५ अंश फरक पडतो, आणि हे आकडे साध्या जबड्यांचे आहेत. म्हणून पडद्यावर अर्धा मिलिमीटर जागा दिसली म्हणजे ती प्रत्यक्षात आहे असे धरू नका.

प्लेटच्या स्क्रूचा प्रश्न याच टप्प्यावर सोडवा. किरणोपचार झालेल्या जबड्यात संपूर्ण प्लेट काढायची म्हणजे हाडावरचे आवरण लांबवर सोलायचे, आणि हाडाचा रक्तपुरवठा त्याच आवरणातून येतो. तिथे फक्त आड येणारे स्क्रू काढा. किरणोपचार नसेल आणि प्लेट काढायचीच असेल तर तिच्या स्क्रूची छिद्रे गाइडसाठी उत्तम खूण ठरतात: गाइडला त्याच जागी कान द्या आणि त्याच छिद्रांत, किंचित जाड स्क्रूने ते घट्ट करा. सीटीत स्क्रू जाड दिसला तरी त्याचा मध्य बदलत नाही, म्हणून छिद्राचे केंद्र धरा, व्यास धरू नका.

गाइड

हलत्या झडपेवर टेकणारे गाइड या रुग्णांत वापरू नये. दोन-चार भक्कम दात दोन्ही बाजूंना असतील तर दातांवर, नाहीतर हाडावर. फिब्युला गोलसर असते; नुसत्या माथ्यावर ठेवलेले गाइड तिच्यावर फिरते आणि पुढे-मागे सरकते. त्याला बाजूंनी खाली उतरणारे पंख द्या आणि निदान एक टोक मूळ जबड्यावर किंवा प्लेटवर टेकवा. जिभेच्या बाजूचा पंख आखूड ठेवा, रक्तवाहिन्यांचा देठ बहुधा तिकडे असतो.

जाडी ३ मिमी, हाडापासून ०.१ मिमी मोकळीक, पकडण्यासाठी वेगवेगळ्या दिशांनी ३ पिना, आणि गाइड तळाला टेकले की नाही ते दिसावे म्हणून दोन-तीन खिडक्या. स्लीव्ह हाडाच्या जितकी जवळ तितके ड्रिल कमी कलते. जाड झडपेतून आरपार ड्रिल करायचे म्हटले की स्लीव्ह उंच जाते, म्हणून झडप उचलून काम करणे बरे.

छपाई करताना आधाराच्या काड्या हाडाला टेकणाऱ्या पृष्ठभागावर येऊ देऊ नका. थर ०.०५ ते ०.१ मिमी. धुणे आणि प्रकाशात पक्के करणे रेझिनच्या उत्पादकाने दिलेल्या वेळेनुसारच. कमी वेळ दिला तर गाइड ऑटोक्लेव्हमध्ये वाकते. जबड्याचे मॉडेलही छापा, त्यावर गाइड बसवून पाहा आणि निर्जंतुक केल्यानंतर निर्जंतुक मॉडेलवर पुन्हा एकदा बसवा.

फिब्युलाची साल फार कठीण असते आणि स्लीव्हमुळे पाणी ड्रिलच्या टोकापर्यंत नीट पोहोचत नाही. हाड ४७ अंश सेल्सियसला एक मिनिट तापले तरी इजा होते. म्हणून स्लीव्हच्या बाजूला पाण्यासाठी फट ठेवा, नवी ड्रिल आणि थंड सलाइन वापरा, गती मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या वर नेऊ नका आणि ड्रिल सतत वर-खाली करा. बसवताना टॉर्क ४५ न्यूटन सेंटिमीटरच्या वर जाऊ लागला तर जोर लावू नका. इम्प्लांट मागे फिरवा, टॅपने आटे पाडा आणि पुन्हा बसवा. इथे जादा टॉर्क म्हणजे जास्त पकड नव्हे. दाबलेली साल मरते आणि काही आठवड्यांनी इम्प्लांट हलतो.

झडपेचा आराखडा

याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. प्रत्येक इम्प्लांटच्या जागी सीटीवर त्वचेची जाडी मोजून आराखड्यात लिहा. अबटमेंटभोवती जाड, हलती त्वचा राहिली की ती सुजते, लाल मांस वाढते आणि रुग्णाला ब्रश फिरवता येत नाही. झडप ३ ते ४ मिमीपर्यंत पातळ करणे आणि टाळूचा किंवा मांडीच्या त्वचेचा पातळ तुकडा लावणे हे इम्प्लांट उघडण्याच्या वेळी करता येते. तो तुकडा दाबून धरणारी, इम्प्लांटलाच स्क्रूने बसणारी पट्टी याच फायलीतून आधीच तयार करून ठेवा. अबटमेंटची उंची पातळ केल्यानंतरच्या जाडीनुसार निवडा, आजच्या जाडीनुसार नव्हे.

हाड बसवतानाच इम्प्लांट

फिब्युला पायात असतानाच इम्प्लांट बसवून मग जबड्यात नेण्याची पद्धत अमेलोब्लास्टोमासारख्या कर्करोग नसलेल्या गाठींत चांगली चालते, कारण कापायची रेषा आधी ठरवता येते. कर्करोगात शस्त्रक्रियेच्या वेळी रेषा पुढे सरकू शकते. तेव्हा अधिक लांब तुकड्याचे दुसरे गाइड तयार असले पाहिजे. घोट्याजवळ आणि गुडघ्याजवळ ६ ते ८ सेंमी हाड राखा, आणि कुठलाही तुकडा २ सेंमीपेक्षा लहान करू नका, त्याचा रक्तपुरवठा टिकत नाही.

बसवल्यानंतर

इम्प्लांट बसवल्यावरचा स्कॅन आराखड्यावर ठेवून प्रवेशाची जागा, टोक आणि कल यांचा फरक लिहून ठेवा. सगळे इम्प्लांट एकाच दिशेने सारखे सरकलेले असतील तर चूक गाइडच्या बैठकीत किंवा स्कॅन जुळवण्यात होती. प्रत्येक वेगळ्या दिशेला असेल तर स्लीव्हमधल्या सैलपणात किंवा ड्रिल धरण्यात. हाड जुळायला ४ ते ६ महिने द्या. दातांची चौकट बसवताना एका टोकाचा एकच स्क्रू घट्ट करा आणि दुसऱ्या टोकाला फट पडते का ते एक्स-रेवर पाहा. फट दिसली तर चौकट कापून पुन्हा जोडा. उरलेले स्क्रू आवळून ती मिटवू नका.